डोकं माझं, रस्ता कुणाचा?

पुण्यात सायकलला बिल्ला लागायचा. महापालिकेचा शिक्का असलेला पत्र्याचा छोटा तुकडा, सायकलला तारेनं घट्ट आवळलेला. वर्ष सरलं की नवा घ्यायचा. तो नसला की चौकातला पोलीस शिट्टी मारायचा. दिवेलागणीनंतर दिवा नसला तरी शिट्टी. आणि डबलसीट दिसलं की विचारूच नका. दंड नसला तर निदान चाकातली हवा तरी जायचीच. त्यामुळे चौक जवळ आला की मागे बसलेला मित्र उडी मारून उतरायचा, अगदी सभ्य पादचाऱ्यासारखा चौक ओलांडायचा आणि पुढच्या वळणावर धावत येऊन पुन्हा कॅरिअरवर बसायचा. पोलीस हे सगळं बघत असे. त्यालाही ठाऊक, आम्हालाही ठाऊक.

हे आधी सांगायचं कारण असं की, सारसबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या वयाच्या मंडळींमध्ये एक वाक्य हल्ली फार ऐकू येतं. ‘आमच्या वेळी सरकार असं नाक खुपसत नव्हतं. ज्याचं त्याला कळत होतं.’ हेल्मेटचं ऑनलाइन चलन कुणाच्या मोबाइलवर आलं की हे वाक्य हमखास येतं आणि सगळ्यांच्या माना हलतात. मीही ते दिवस जगलो आहे. त्यांची ओढ मलाही आहे. पण नाक खुपसलं जात होतं. पायानं मारायच्या वाहनासाठी आपल्याला बिल्ला, दिवा आणि एकच स्वार असे तीन नियम होते. गंमत पुढेच आहे. सायकल जाऊन पेट्रोलवरची गाडी आली, वेग वाढला, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या डोक्याची काळजी घेणारं कुणी उरलं नाही.

१९७२ हे त्या दृष्टीनं मोठं वर्ष. कायनेटिक इंजिनीअरिंगची लुना त्याच वर्षी आली आणि आकुर्डीच्या कारखान्यातून बजाजची चेतकही त्याच वर्षी. लुनाला पायडल होतं, त्यामुळे ती आम्हाला सायकलची मोठी बहीण वाटायची. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी यायचं. चढावर तिला पायानं हातभार लावायचा. चाळिसाच्या आसपास गेली की अंगभर थरथरायची आणि आपणहून वेग कमी करायला लावायची. शाळेतल्या बाई, बँकेतले काका, भाजी आणायला निघालेली आई, सगळ्यांनी रस्त्यावर इंजिन पहिल्यांदा चालवलं ते लुनाचं.

चेतक मात्र मानाची. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, पावती कपाटात दागिन्यांशेजारी ठेवायची. घरी आली की हार, नारळ, पेढे. सकाळी ती सुरू करणं हा घरातला एक कुळाचार होता. आधी किक. मग आणखी किक. मग वडील स्कूटरला आपल्या अंगावर तिरपी करून घ्यायचे, सरळ करायचे आणि पुन्हा किक मारायचे. तरीही नाही, तर प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, फुंकर मारून परत बसवायचा. ती एकदा फुरफुरली की मग सगळ्यांनी चढायचं. मोठा मुलगा पुढे उभा, दोन्ही हात हँडलच्या मध्यावर, हनुवटी स्पीडोमीटरच्या काचेला टेकलेली. वडील सीटवर. आई मागे एका अंगाला बसलेली, मांडीवर धाकटी, एका हातात डबा, दुसरा हात स्टेपनीवर. अशी चार माणसं टिळक रस्त्यानं पर्वतीकडे निघाली की बघणाऱ्याला त्यात धोका दिसत नसे. संसार दिसत असे. जाहिरातवाल्यांनाही नेमकं तेच दिसलं. हेल्मेट हा शब्द आम्हाला क्रिकेटमुळे कळला, आणि तोही उशिरा. समोरून वेस्ट इंडीजचे गोलंदाज येत असतानाही सुनील गावसकर बराच काळ हेल्मेटवाचून खेळत होता. मग आम्ही लक्ष्मी रस्त्यावर कशाला घालणार?

आता थोडं अप्रिय. आमच्या वाड्यात एक काका होते. कारकून, शिस्तीचे, सावकाश चालवणारे. एका संध्याकाळी ओल्या रस्त्यावर लुना घसरली. कोपर सोललं, डोक्याला मागे टेंगूळ आलं. स्वतः गाडी ढकलत घरी आले, हळद लावून घेतली, चहा प्यायले, वाड्यातल्या पोरांना पडण्याची गोष्ट हसत हसत सांगितली. डोकं जड वाटतंय म्हणून लवकर झोपले. सकाळी उठले नाहीत. वाड्यात ठरलं की मेंदूत ताप गेला. बाहेरून धड दिसणाऱ्या कवटीच्या आत रक्त साठत जातं, माणूस काही तास अगदी नीट बोलतो आणि मग कोसळतो, हे आज कुठलाही डॉक्टर सांगेल. तेव्हा ते आमच्या कानावर आलं नव्हतं. काकांचा मृत्यू अपघातात धरला गेला नाही. लुना पुढे त्यांच्या मुलानं चालवली.

आकडे काढून बसलं तर स्मरणरंजनाची पार वाट लागते. १९७० साली देशात रस्ते अपघातांत सुमारे १४,५०० माणसं दगावली. वाचून वाटतं, किती कमी! पण त्या सुमारास साऱ्या देशात नोंदलेली वाहनं अठरा-एकोणीस लाखांच्या घरात होती. २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं गेली आणि नोंदलेली वाहनं पस्तीस कोटींच्या आसपास पोचली होती. हिशेब करा. दर दहा हजार वाहनांमागे तेव्हा ऐंशीच्या आसपास बळी, आता पाचाच्या आसपास. म्हणजे ते दिवस सुरक्षित नव्हते. वाहनंच कमी होती. समाजानं आपल्यावर विश्वास टाकला होता असं आपल्याला आज वाटतं. खरं म्हणजे त्या मोजणीकडे कुणी बघतच नव्हतं.

पण एवढ्यावर जुन्या मंडळींना गप्प करणं हाही अन्याय होईल. त्या काळात एक गोष्ट खरोखर होती, आणि ती आज नाही. निर्णय घेणाऱ्याला धोका ओळखीचा होता. अलका टॉकीजच्या चौकात कोण कुठून येतो, लकडी पुलावर पावसात कुठे घसरतं, कुठल्या गल्लीच्या तोंडाशी म्हैस आडवी येते, हे सगळं पाठ होतं. समोरून येणाराही बहुधा तुमच्याच वेगाचा आणि अनेकदा तुमच्याच ओळखीचा. त्यानं धडक दिली तर रात्री तो घरी विचारपूस करायला यायचा. ‘ज्याचं त्याला कळतं’ हे वाक्य अशा गावात खोटं नव्हतं.

मग गाव फुगलं. कोथरूड हे खेडं होतं, ते उपनगर झालं. कायनेटिक होंडा आली, तिला किकही नको आणि गिअरही नको. कॉलेजातली मुलं शंभर सीसीच्या, मग दीडशे सीसीच्या मोटारसायकली घेऊ लागली. सायकलींचं शहर बघता बघता दुचाकींचं झालं. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याच्या कलम १२९ मध्ये दुचाकीस्वारानं हेल्मेट घातलंच पाहिजे, आणि तेही पट्टा आवळून, असं स्वच्छ लिहिलेलं. पण पुण्यात ते कलम छापील पानावरच राहिलं. कुणी ते अमलात आणायचा विचार केला की शहर खवळायचं. पुण्यात हेल्मेटसक्तीविरोधी समिती आहे, हे बाहेरगावच्या लोकांना सांगितलं की ते हसतात. आपल्याला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

२०१९च्या १ जानेवारीपासून पोलिसांनी सक्ती मनावर घेतली. लगेच मोर्चा निघाला. हेल्मेटऐवजी पगड्या आणि टोप्या घालून लोक दुचाक्यांवर बसले. मुद्दे नेहमीचेच. शहरात वेग तिसाच्या वर जातो कुठे? मान दुखते. मागचा हॉर्न ऐकू येत नाही. नाटकाला गेलं तर ते मांडीवर घेऊन बसायचं का? हायवेवर करा हवी तेवढी सक्ती, शहरात कशाला? काही महिन्यांत शहरातले आमदार मुख्यमंत्र्यांना भेटले आणि रस्त्यात अडवून पावती फाडणं थंडावलं. कॅमेऱ्यातून येणारी चलनं मात्र चालूच राहिली.

यात पुणेकर एकटे नाहीत, हेही सांगून टाकतो. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडला. दोन सायकलस्वार मुलांना वाचवायला गेला होता. डोक्याला मार लागून सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वार सैनिकांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि हेल्मेटनं फरक पडतो हे १९४१ मध्ये मांडलं. तरी ब्रिटनमध्ये हेल्मेट सक्तीचं व्हायला १९७३ साल उजाडलं, आणि तेव्हाही इनॉक पॉवेलसारखा खासदार व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावानं विरोधात उभा राहिला. अडतीस वर्षं साहेबानंही लावलीच की!

आता दुसऱ्या बाजूचं. नीट बसवलेल्या हेल्मेटनं मोटारसायकलस्वाराचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा अनेक देशांतल्या अभ्यासांचा गोषवारा आहे. केंद्र सरकारच्याच आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मेले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. या दुसऱ्या आकड्याशी मी जास्त वेळ थांबतो. मागे बसलेल्याचा निर्णय कुणाचा? चालवणाऱ्याकडे एक हेल्मेट असतं, मागची बायको, मुलगी, मित्र उघड्या डोक्यानं बसतात. ‘माझं डोकं, माझा निर्णय’ म्हणणाऱ्याच्या पाठीमागे बहुतेक वेळा दुसरं एक डोकं असतं, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

माणसाला स्वतःची काळजी घेता येत नाही, असं मात्र मुळीच नाही. उन्हाळ्यात दुपारी फर्ग्युसन रस्त्यावर उभं राहून बघा. मुली गाडी काढण्याआधी स्कार्फ बांधतात, ते किती मन लावून! ओढणीएवढा कपडा तिरका घडी करायचा, कपाळावरून भुवयांपर्यंत ओढायचा, दोन्ही टोकं मानेमागे फिरवून पुढे आणायची, नाकावरून घेऊन कानामागे खोचायची, वर गॉगल, हातात कोपराच्या वरपर्यंत मोजे. डोळ्यांखेरीज तसूभर कातडी दिसत नाही. कायदा नाही, दंड नाही, पोलीस नाही. ऊन आणि धूळ रोज छळतात, म्हणून त्यांचा बंदोबस्त रोज होतो. डांबर डोक्यावर रोज आपटत नाही. हजार वेळा हेल्मेटवाचून सुखरूप घरी येणाऱ्याला हजार वेळा पटतं की आपलं बरोबर होतं. त्याचा अनुभवच त्याला चुकीचं शिकवतो. ज्या धोक्याचा चटका वारंवार बसतो तो माणसावर सोपवावा. जो धोका एकदाच भेटतो आणि मग दुसरी संधी देत नाही, तिथे त्याच्या अनुभवावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

आणि मुख्य गोष्ट, रस्ता आता ओळखीचा राहिलेला नाही. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री नवले पुलाच्या उतारावर एका अवजड वाहनानं चाळीसहून जास्त गाड्यांना धडक दिली. त्या गाड्यांतल्या एकाही माणसानं काही चुकवलं नव्हतं. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन मुलानं बापाच्या पोर्शेनं दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. सुरक्षेचा कुठला निर्णय त्यांच्या हातात होता? १९७५च्या लक्ष्मी रस्त्यावर स्वतःच्या डोक्याचा निर्णय बराचसा स्वतःचा होता. आज तो अर्धा डंपरवाला घेतो, पाव हिस्सा खड्डा बुजवल्याचं बिल लावणारा ठेकेदार घेतो, आणि जो काही उरतो तेवढाच आपल्याकडे येतो.

म्हणूनच हेल्मेटसक्ती असावी, अशा मताचा मी आहे. पण सारसबागेतल्या मंडळींच्या एका मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही: ‘आधी रस्ते नीट करा.’ माझ्या डोक्यावर हक्क सांगणाऱ्यानं माझ्या चाकाखालच्या डांबराचीही जबाबदारी घ्यायला हवी. कॅमेरा माझं उघडं डोकं टिपतो, पण त्याच चौकातलं उघडं चेंबर त्याला दिसत नाही. दंड तेवढा एकाच बाजूला होतो. जुना पोलीस हवा सोडायचा, पण पाऊस पडून रस्ता खचला तर तिथे स्वतः दगड रचून, झाडाची फांदी खोचूनही ठेवायचा. त्या फांदीला मी आजच्या कुठल्याही फलकापेक्षा जास्त मानतो.

आणि सरकारचं नाक जिथे खरोखर नको, तिथे ते हल्ली हमखास असतं. सह्याद्रीतली गोष्ट घ्या. आमच्या वेळी एसटीनं पायथ्याच्या गावी उतरायचं, देवळात पथारी टाकायची आणि सकाळी गावातला कुणीतरी वाटाड्या गाठायचा. तो आधी आमच्या पायांकडे बघायचा, मग आभाळाकडे. ‘चपला घालून? आज नाय जमायचं’ म्हणाला की विषय संपला. परवानगी त्याची होती, आणि ती माणूस बघून दिली जायची. पाय भक्कम असले तर तोच माणूस कोकणकड्याच्या अगदी काठाशी नेऊन पालथं पडून खाली बघायला शिकवायचा.

आता परिस्थिती निराळी आहे, हे कबूल. लोहगडावर २०२३च्या पावसाळ्यात पायऱ्यांवर माणसं तासन्‌तास अडकून पडली. ३० जून २०२४ला भुशी धरणाच्या मागच्या बाजूला पाण्याच्या लोंढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळून चार जण गेले. यावर प्रशासनाचं उत्तर एकच: बंदी. पावसाळा आला की धबधबे बंद, कडे बंद, धरणांचे काठ बंद. आदेशाच्या कागदाला पायातले बूट दिसत नाहीत. वर्षानुवर्षं दोर लावून चढणारा आणि रीलसाठी निसरड्या कड्यावर पाठमोरा उभा राहणारा, दोघेही त्याच्या लेखी सारखेच. कुंडमळ्याला तर धोक्याचा फलक लावलेला होता. पूल मात्र काढलेला नव्हता, आणि मंजूर झालेला नवा पूल झालेला नव्हता. लोकांनी फलक वाचला नाही, हे खरं. पण फलक लावून मोकळं होणं ही सुरक्षा नव्हे. ती पुढच्या चौकशीची तयारी असते.

डोंगरात धोका चढणाऱ्याचा असतो. तो समोर दिसतो, पायाला कळतो, त्यात दुसऱ्याचा डंपर येत नाही. तिथे जाणत्या माणसाला जाऊ द्यावं. अडवायचंच तर गावातल्या वाटाड्याला अडवू द्यावं, आणि त्याला त्याचे पैसे द्यावेत. तिथला माणूस स्वतःच्या निर्णयाला लायक आहे. रस्त्यावरचा तोच माणूस कमी शहाणा आहे असं नाही. रस्त्यावर निर्णय त्याचा एकट्याचा उरलेला नाही, एवढंच. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते उत्तम गाडीत, मागच्या सीटवर, पट्ट्यावाचून बसले होते. शिक्षणाची, पैशाची, बुद्धीची कसलीच कमतरता नसलेल्या माणसाचा तो निर्णय होता. मागच्या सीटवरचा पट्टा त्यांच्यानंतर आपल्याकडे चर्चेत आला.

सारसबागेतली मंडळी हे सगळं ऐकून घेतात आणि घरी जाताना हेल्मेट कोपराला अडकवून गाडीला बटण मारतात. चौकात मामा दिसला की तेच कोपरावरचं हेल्मेट डोक्यावर चढतं, पट्टा लोंबताच. डबलसीटवाला मित्र चौकापुरता उतरायचा, त्यातलंच हे. फरक इतकाच की तेव्हा पकडलं गेलं तर फार तर हवा जायची. तेव्हा मित्रांनो, भांडण चालू ठेवा, महापालिकेला खड्ड्यांवरून कोर्टात खेचा, मी सहीला येतो. पण तोवर पट्टा आवळा, आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरं हेल्मेट घ्या. कलम १२९ मध्ये सूट आहे ती पगडी बांधलेल्या शिखांना. पुणेरी पगडीला ती नाही.